‘राहून गेले’ आणि स्पॅनिशमधील ‘से’

चाळिशी ओलांडल्यावर मी स्पॅनिश शिकू लागले, ते हुआन रुल्फोची ‘पेद्रो पारामो’ (१९५५) ही कादंबरी मुळातून वाचता यावी, एवढ्याच हेतूने. नामांच्या लिंगभेदाने अडवले नाही. तो आपल्याला परका नाही. अडवले ते ‘से’ या एकाक्षरी शब्दाने. पाठ्यपुस्तके अशा क्रियापदांना आत्मवाचक म्हणतात : क्रिया कर्त्यापासून निघते आणि कर्त्यावरच येते. त्यावर विसंबून मी प्रत्येक ‘से’च्या जागी ‘स्वतः’ घालीत गेले आणि माझी भाषांतरे हास्यास्पद होत गेली.

कारण ‘से’चा बराचसा कारभार ‘स्वतः’च्या बाहेर चालतो. ‘दोर्मिर’ म्हणजे झोपणे, ‘दोर्मिर्से’ म्हणजे झोप लागणे. ‘इर’ म्हणजे जाणे, ‘इर्से’ म्हणजे निघून जाणे. ‘कोमेर’ खाणे, ‘कोमेर्से’ खाऊन टाकणे. येथे मराठीत सर्वनाम येत नाही, बहुधा संयुक्त क्रियापद येते. संस्कृतातील आत्मनेपदाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ऋत्विज यजमानासाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजति’, यजमान स्वतःसाठी करतो तेव्हा ‘यजते’. क्रियेचे फळ कोणाकडे जाते, हा पाणिनीचा प्रश्न ‘से’लाही विचारता येतो, मात्र सगळीकडे उत्तर मिळत नाही. आन्द्रेस बेय्यो या व्याकरणकाराने १८४७ मधील आपल्या ग्रंथात यांतील काही रचनांना ‘जवळजवळ आत्मवाचक’ अशा अर्थाची संज्ञा दिली. त्यातील ‘जवळजवळ’ मला अधिक प्रामाणिक वाटते.

खरा पेच पुढे आहे. पेला पडला की स्पॅनिशभाषक म्हणतो, ‘से मे काय्यो एल वासो’. पेला पडतो; ‘मे’मुळे मी त्या घटनेत येते, पण कर्ता म्हणून नव्हे, तर घटना जिच्या वाट्याला आली ती म्हणून. आपण म्हणतो, ‘माझ्या हातून पेला पडला’. मराठीने निदान हात तरी शिल्लक ठेवला आहे! विसरण्याचेही तसेच. ‘मे ओल्विदे’ म्हटले तर विसरणारी मी. ‘से मे ओल्विदो’ म्हटले तर विस्मरण माझ्यावर ओढवलेले. मराठी एवढी सवलत देत नाही, असे मी तेव्हा वहीत काहीशा अभिमानाने टिपून ठेवले.

ते खरे नव्हते. त्याच वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचे एक प्रकरण चार महिने माझ्या टेबलावर पडून होते. तिने विचारले तेव्हा मी म्हणाले, ‘अगं, वाचायचं राहूनच गेलं.’ वाक्यात मी नव्हते. ‘माझ्याकडून’ एवढेही नव्हते. ‘बरं, मॅडम’ म्हणून ती गेली. तिचा प्रबंध एक सत्र लांबला.

स्पॅनिशवर ठपका ठेवण्यात अर्थ नाही. ‘से मे ओल्विदो’ ही तिकडची रोजची, निर्व्याज बोली आहे. विसरायचे असे ठरवून कोणीच विसरत नाही. किंबहुना लपण्याची सोय आपल्या समीक्षेच्या भाषेत अधिक आहे. ‘असे म्हटले जाते’, ‘असे दिसून येते’ ही वाक्ये मीही कितीदा लिहिली आहेत. कोणी म्हटले, कोणाला दिसले, हे मौखिकीत विद्यार्थ्यांना मात्र हटकून विचारते.

पुढे त्या विद्यार्थिनीला पत्र लिहिताना पहिले वाक्य तीनदा खोडले. ‘राहून गेले’ गेले, ‘माझ्या हातून’ही गेले. शेवटी लिहिले : तुझे प्रकरण मी वाचले नव्हते.