कर्नलसाहेबांचा जंबो ब्लॉक

काही निर्णय असे असतात, की आज घेतले तरी पस्तावतो आणि उद्यावर टाकले तरी पस्तावतो. दाढ काढणे हा एक. विरार गाडीतून वसईला उतरायला जागेवरून कधी उठायचे, हा दुसरा. मीरा रोडलाच उठलात तर लोक विचारतात, "काका, घाई कसली?" नायगाव सुटल्यावर उठलात तर नालासोपाऱ्याला उतरता.

तिसरा निर्णय माझ्या म्हातारपणी माझ्या गळ्यात पडला.

"नवा कर्नल आलाय," मी एका संध्याकाळी बायकोला सांगितले.

"अहो, मग बाहेर काय उभं ठेवलंय त्यांना? साखर किती घालू चहात?"

हा कर्नल लष्करातला नव्हे. 2020 च्या जानेवारीत विंडोज 7 च्या दुरुस्त्या यायच्या बंद झाल्या आणि विंडोज 10 चे ओझे आमच्या म्हाताऱ्या लॅपटॉपला पेलेना. तेव्हा भाच्याने त्यात लिनक्स घातले. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने 1991 साली, विद्यार्थी असताना लिहायला घेतलेला कर्नल हा त्याचा गाभा. पडद्यावर आपल्याला दिसतो तो नुसता डबा. मोटरमन, रूळ आणि सिग्नल म्हणजे कर्नल. गाडी खोळंबल्याशिवाय त्याची आठवण कोणाला होत नाही.

तर, हा नवा कर्नल घ्यायचा की नाही? शेजारचे म्हणाले, "चालत्या गाडीला खीळ कशाला घालता?" मला पटले. भाचा म्हणाला, "मामा, आल्या आल्या टाका," आणि त्याने मला 'डर्टी काऊ'ची गोष्ट सांगितली. नाव गायीचे, पण ही गाय गरीब नव्हती. 2007 पासून कर्नलमध्ये दडून बसलेली ही चूक. तिचा फायदा घेऊन संगणकावरचा साधा भाडेकरू एकदम घरमालक होऊ शकत असे. ती बुजवायचा एक प्रयत्न खुद्द टोरवाल्ड्सनेच पूर्वी केला होता, तो फसला. अखेर 2016 च्या ऑक्टोबरात ती बुजली. म्हणजे ज्याने त्या महिन्यात "चालतंय ना?" म्हणून दुरुस्ती टाळली, त्याचे दार उघडेच राहिले. हेही मला पटले. मला सगळेच पटते, ही माझी जुनी खोड.

त्यात मी सोसायटीचा खजिनदार. मागच्या सभेत पाण्याच्या टँकरच्या पैशांवरून कोणीतरी "हिशेब दाखवा" म्हणाले होते. तो शब्द मी वर्षभर उशाशी घेऊन झोपलो. यंदा कागदोकागद जुळवला. रविवारी दहाला सभा, आणि शनिवारी रात्री आठ वाजता, सगळी कामे उरकल्याच्या आनंदात, मी कर्नल बदलला!

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि वायफाय गायब. छपाईयंत्र वायफायवरचे. वायफायच्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलच्या घरचा नव्हता, बाहेरून आणलेला होता. नव्या कर्नलसाठी त्याला नव्याने जुळवावे लागते, ते झालेच नव्हते. उद्या सभेत "संगणक बिघडला" म्हटले असते, तर माझा माझ्यावरसुद्धा विश्वास बसला नसता.

भाचा फोनवर शांतपणे म्हणाला, "मामा, जुना कर्नल गेलेला नाही. सुरू होताना यादी येईल, त्यातला आधीचा निवडा." निवडला. म्हातारा मुकाट कामावर हजर! रात्री अकराला ताळेबंदाची शेवटची प्रत निघाली, आणि सभेत टँकरचा विषय निघालाच नाही. याचेही मला थोडे वाईट वाटले.

मग मला आपली रेल्वे आठवली. चर्चगेट-विरार मार्गावरची 1500 व्होल्टची डीसी वीज बदलून 25 हजार व्होल्टची एसी करायची होती, तेव्हा तिने ते काम एका रात्रीत उरकले नाही. विरारच्या बाजूने टप्प्याटप्प्याने सरकत, दोन्ही विजांवर धावणाऱ्या गाड्या हाताशी ठेवून, 2012 साली ते पुरे केले. जुने हातात असताना नवे घेतले.

तेव्हापासून आमच्याकडेही रविवारी जंबो ब्लॉक असतो. आधी हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर. मग विजेचा अंदाज, कारण लॅपटॉपची बॅटरी केव्हाच स्वर्गवासी झाली आहे, आणि बदल अर्ध्यावर असताना दिवे गेले तर देवच वाली. मग नवा कर्नल, आणि लगेच संगणक बंद करून पुन्हा सुरू. नाहीतर नवा साहेब दारात उभा आणि चार्ज जुन्याकडेच. नव्याचे पंधरा दिवस नीट गेल्याशिवाय जुन्याला निरोप नाही. छोट्या दुरुस्त्या त्याच आठवड्यात. नव्या मालिकेचा कर्नल मात्र चार लोकांनी वापरून झाल्यावर. आणि सभेच्या आदल्या दिवशी काहीही नाही!

परवा ब्लॉक चालू असताना हिने कप पुढे ठेवला. "कर्नलसाहेब आले का?"

"आले. पण जुनेही आहेत अजून."

"मग दोन कप टाकायला हवे होते," ती म्हणाली.

वसईला उतरायचे म्हणाल, तर खाडीचा पूल लागला की उठावे. तेवढे मात्र मला भाच्याने शिकवलेले नाही.