कंधारचा रुपया आणि पोलंडचा थालर

दख्खनमधील कंधारच्या किल्ल्यात वावरलेल्या अभ्यासकाच्या तळहातावर मोगल बादशहा शाहजहानचा रुपया प्रथम येतो, तेव्हा त्याला राजाचा चेहरा शोधावासा वाटतो आणि तो कोठेच सापडत नाही. एका बाजूस कलिमा, म्हणजे इस्लामचे श्रद्धावचन, दुसऱ्या बाजूस बादशहाची नामावली आणि टांकसाळीचे, म्हणजे नाणे पाडण्याच्या कारखान्याचे, नाव असा मजकूरच त्यावर असतो. त्याच काळातील पोलंडचा थालर, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम वजनाचे चांदीचे मोठे नाणे, याच्या अगदी उलट आहे. बिडगोश्चच्या टांकसाळीत पाडलेल्या थालरवर राजा तिसऱ्या सिगिस्मुंडचा चेहरा आणि राज्यचिन्हांची ढाल दिसते. हा राजा 1632 मध्ये निवर्तला. त्याच्या आदल्याच वर्षी सरदार नसीरी खानाने निजामशाहीचा कंधार किल्ला मोगलांसाठी जिंकला होता आणि त्या वेढ्याचे चित्रकार पयागने काढलेले चित्र इंग्लंडमधील विंडसरच्या ‘पादशाहनामा’ हस्तलिखितात आहे.

या दोन नाण्यांना जोडणारा धागा चांदीचा आहे. पोलंडचे धान्य ग्दान्स्क बंदरातून डच जहाजांवर चढे आणि त्याच्या मोबदल्यात पश्चिमेकडून चांदी येई, तर त्याच पश्चिमेकडून स्पॅनिश अमेरिकेची चांदी मसाला आणि कापड यांच्या मोलाने सुरतेस उतरे. मोगल राज्यात परदेशी नाणे चलन म्हणून चालत नसल्याने व्यापाऱ्याला ते टांकसाळीत द्यावे लागे, तेथे त्याचा कस, म्हणजे चांदीची शुद्धता, पारखून ते वितळवले जाई आणि त्यातून सुमारे साडेअकरा ग्रॅमचे रुपये पाडले जात. दख्खनमध्ये पोचलेल्या युरोपीय चांदीचा मूळ ठसा आज हाती लागणे इतके अवघड का, याचे खरे उत्तर या भट्टीत आहे. पोलंडमध्येही चांगली नाणी टिकली असे नाही, कारण 1620च्या सुमारास मध्य युरोपभर हलकी, भेसळीची नाणी पसरली, तेव्हा वजनदार नाणी हुडकून वितळवण्यात आली. थालरचा दुर्मिळपणा केवळ हौशी संग्राहकांनी ठरवलेला नाही, तो माणसांच्या गरजेने आणि लोभाने ठरवलेला आहे.

रुपयाच्या कडेवरील सराफांच्या लहान खुणा बोटाला लागतात, तेव्हा अभ्यासकाला या व्यवहाराची खरी जाणीव होते. ते नाणे अनेक हातांनी तपासलेले असते आणि जुन्या सालाच्या रुपयावर बट्टा, म्हणजे किमतीतील तूट, सोसावी लागलेली असते. राजाच्या चित्रापेक्षा या खुणाच लोकांचा इतिहास अधिक सांगतात, असे येथे आवर्जून म्हणावेसे वाटते. मात्र टांकसाळीचे नाव ‘कंदहार’ असे वाचता आले, तरी तो रुपया कंधारच्या या किल्ल्यातला समजू नये. शाहजहानची ती टांकसाळ अफगाणिस्तानातील कंदहारची आहे, जे शहर 1638 ते 1649 या काळात मोगलांच्या ताब्यात होते.