मॅन्स्टन, भरदुपारी

लंडनहून केंटच्या पूर्व टोकाला जाणारे बरेच जण रॅम्सगेटच्या किनाऱ्यासाठी जातात. त्याच गावच्या बंदरावर १२ फेब्रुवारी १९४२ रोजी जर्मन युद्धनौकांवर झेपावलेल्या सहा स्वोर्डफिश विमानांतल्या अठरा जणांचं स्मारक आहे. ती विमानं जिथून उडाली तो मॅन्स्टनचा तळ तिथून जवळच. तुकडीचा प्रमुख होता लेफ्टनंट कमांडर यूजीन एस्मंड, आयरिश घराण्यातला, पूर्वी इम्पीरियल एअरवेजचा वैमानिक. ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेवरच्या हल्ल्याबद्दलचा डीएसओ हा सन्मान त्याने आदल्याच दिवशी बकिंगहॅम राजवाड्यात स्वीकारला होता. जुनाट विमान आणि अचाट धैर्य, अशी त्याची गोष्ट सांगायची रीत आहे. तिचा पहिला अर्धा भाग पटत नाही.

स्वोर्डफिश जुनाट दिसे, हे खरं. एकावर एक दोन पंख, मधे ताणलेल्या तारा, अंगावर कापड, तिघांची उघडी बैठक आणि पोटाखाली सुमारे ७३० किलोचा टॉर्पेडो. तो पाण्यात नीट सुटावा म्हणून शेवटच्या टप्प्यात लाटांलगत, सरळ आणि संथ उडावं लागे. म्हणजे शत्रूच्या तोफांना नेम धरायला आयती सवड. पण याच विमानांनी नोव्हेंबर १९४० मध्ये तारांतो बंदरात इटलीच्या तीन युद्धनौका निकामी केल्या आणि मे १९४१ मध्ये ‘बिस्मार्क’चं सुकाणू अडकवलं. तारांतोवर रात्र होती आणि ‘बिस्मार्क’वर लढाऊ विमानांचं छत्र नव्हतं. मॅन्स्टनच्या वैमानिकांना यातलं काहीच लाभलं नाही.

ते का, हे समजायला डोव्हरच्या किल्ल्याखालची भुयारं पाहावीत. व्हाइस ॲडमिरल रॅम्से यांचं ठाणं इथेच होतं. ‘शार्नहोर्स्ट’, ‘ग्नायझेनाऊ’ आणि ‘प्रिन्स ऑयगेन’ या जर्मन युद्धनौका फ्रान्समधल्या ब्रेस्टहून दिवसा निघतील आणि डोव्हरची सामुद्रधुनी रात्री ओलांडतील, असा ब्रिटिशांचा होरा होता. त्यामुळे एस्मंडच्या तुकडीची तयारीही रात्रीच्या हल्ल्याची. जर्मन मात्र रात्री निघाले आणि विमानांच्या छत्राखाली भरदुपारी डोव्हरसमोरून गेले. संरक्षणाला लढाऊ विमानांच्या पाच स्क्वाड्रन येणार होत्या. वेळेवर आली दहा स्पिटफायर. नौका मिनिटामिनिटाला दूर जात होत्या, तेव्हा आणखी न थांबता निघायचं एस्मंडने ठरवलं. सहाही विमानं पडली, तेरा जण गेले आणि एकही टॉर्पेडो लागला नाही.

दोन्ही मोठ्या नौकांना वाटेत सुरुंग लागले आणि ‘ग्नायझेनाऊ’ पुढे कधीच लढली नाही, तेव्हा एकूण हिशेब ब्रिटनच्याच बाजूचा, असं कोणी म्हणेल. ते श्रेय सुरुंग पेरणाऱ्यांचं आणि कील बंदरात ‘ग्नायझेनाऊ’वर बाँब टाकणाऱ्यांचं. मॅन्स्टनच्या खात्यावर ते जमा होत नाही. वरिष्ठांच्या चुका उगाळल्याने वीराचं तेज कमी होतं, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण चूक झाकली तर एस्मंड विमानाचं दुबळेपण न कळलेला धाडसी माणूस ठरतो. प्रत्यक्षात ‘बिस्मार्क’वर टॉर्पेडो सोडलेल्या या माणसाला उजेडात, अपुऱ्या संरक्षणानिशी जाणं म्हणजे काय हे कोणाहूनही जास्त ठाऊक होतं. त्याचं थडगं जिलिंगहॅमला आहे. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस ३ मार्चला, तीन आठवड्यांच्या आत जाहीर झाला. नौका निसटल्याबद्दल वृत्तपत्रांनी ओरड केली, न्यायमूर्ती बकनिल यांची चौकशीही झाली. तिचा अहवाल लोकांपुढे आला १९४६ मध्ये.