आधी वाचणं, मग लिहिणं

जुना म्हणून माझ्या टेबलावर येणाऱ्या संगणकाचं लोखंड बहुतेक वेळा धडधाकट असतं. प्रोसेसर हिशेब चुकत नाही, मेमरी चाचणीत उतरते, पंख्यातली धूळ काढली की तो पुन्हा सुरळीत फिरतो. तरीही मालकाची तक्रार खरी असते. नवी डिस्क दिसत नाही. वाय-फाय कार्ड बदललं तर यंत्र पुढेच सरकत नाही. प्रोसेसर त्याच सॉकेटचा, पण नंतर निघालेला; तो बसवला आणि नो डिस्प्ले. ही कामं करता करता माझी एक खात्री पक्की झाली आहे. संगणकाचं वय त्याच्या लोखंडात कमी असतं आणि बोर्डावरच्या नखाएवढ्या चिपमध्ये जास्त. त्या चिपमधला बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा प्रोग्राम, ज्या साली लिहिला गेला, तिथवरचंच जग त्याला ठाऊक असतं. चिपमधलं हे ज्ञान बदलता येतं आणि म्हणून यंत्राचं आयुष्य वाढवता येतं. माझ्या धंद्यात याहून मोलाची गोष्ट मला दिसलेली नाही.

बटण दाबलं त्या क्षणी प्रोसेसरला डिस्क ठाऊक नसते, कीबोर्ड ठाऊक नसतो, मेमरीही अजून वापरण्याजोगी नसते. पहिली आज्ञा कुठून उचलायची एवढंच त्याला माहीत असतं. ८०३८६ प्रोसेसरपासून पुढे तो पत्ता ४ जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडे आहे. बायोसच्या चिपचं शेवटचं टोक तिथे जोडलेलं असतं आणि त्या १६ बाइटांत एक उडी लिहिलेली असते. त्या उडीनंतर मेमरी जागी होते, पडदा उजळतो, डिस्क सापडते. १९८१ च्या आयबीएम पीसीत हा सगळा कारभार ८ केबीत मावत होता. आयबीएमने त्याची ओळ न् ओळ आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापली होती, पण हक्क राखून. कॉम्पॅक कंपनीने मग वेगळी वाट धरली. एका गटाने मूळ बायोस काय काय करतो ते लिहून काढलं आणि मूळ कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा बायोस लिहिला. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनी असाच स्वतंत्रपणे लिहिलेला बायोस इतर उत्पादकांना विकू लागली. आपण ज्याला पीसी म्हणतो तो घराघरांत पोचला, त्यामागे मूळ बायोसच्या जागी दुसरा बसवता आला हे मोठं कारण होतं. त्यामुळे बायोस बदलणं ही यंत्राशी केलेली आगळीक आहे असं कुणी म्हणालं, की मला ते पटत नाही.

बायोसचं अज्ञान कसं असतं याचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण हार्ड डिस्कच्या मर्यादांचं आहे. बायोसच्या जुन्या करारात सिलिंडरसाठी १० बिट, हेडसाठी ८ आणि सेक्टरसाठी ६ बिट राखून ठेवले होते. आयडीई डिस्कच्या करारात अनुक्रमे १६, ४ आणि ८. दोन्ही करार आपापल्या जागी ऐसपैस होते, पण एकत्र नांदताना प्रत्येक ठिकाणी लहान आकडा लागू झाला: १०, ४ आणि ६. म्हणजे १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर आणि दर सेक्टरला ५१२ बाइट. गुणाकार ५२,८४,८२,३०४ बाइटांवर थांबतो. त्याहून मोठी डिस्क लावली तरी जुन्या यंत्राला तेवढीच दिसे. ही भिंत ओलांडली तर पुढची ८.४ जीबीला होती. १९९९ च्या सुमारास अवॉर्ड कंपनीच्या काही बायोसमध्ये ३३.८ जीबीची भिंत निघाली आणि ४० जीबीची डिस्क लावली की यंत्र ती ओळखतानाच गोठून जाई. डिस्क बनवणाऱ्यांनी त्यावर एक जंपर दिला. तो लावला की डिस्क आपला आकार ३२ जीबीच सांगे. चालून जायचं, पण गिऱ्हाइकाने पैसे मोजलेली जागा वाया जायची. खरा उपाय बायोसची नवी आवृत्ती हाच होता. फ्लॉपीवर दोन फाइली घ्यायच्या, डॉसमध्ये एक आज्ञा द्यायची आणि मिनिटाभरात तेच यंत्र पूर्ण ४० जीबी ओळखायचं.

ही सोय फ्लॅश चिपमुळे झाली. तिच्या आधीच्या ईप्रॉम चिपला वर काचेची खिडकी असे. पुसायची तर बोर्डावरून काढून अतिनील दिव्याखाली ठेवावी लागे. बोर्डावरच पुसता आणि लिहिता येऊ लागलं तसा धोकाही दारात आला. २६ एप्रिल १९९९ च्या सोमवारी सीआयएच नावाच्या व्हायरसने तो जगाला दाखवला. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला हा व्हायरस डिस्कचा सुरुवातीचा भाग खराब करायचा आणि इंटेल ४३०टीएक्स चिपसेटच्या बोर्डांवर बायोसची चिपही बिघडवून टाकायचा. दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तानात फार मोठं नुकसान झालं. बायोस उडालेला बोर्ड कसा असतो? पंखा फिरतो, दिवा लागतो आणि बाकी काहीही होत नाही. बीपसुद्धा नाही, कारण बीप वाजवण्याची आज्ञाही त्याच चिपमध्ये असते.

असा बोर्ड जिवंत करण्याची त्या काळची रीत आजही माझ्या हातांना आठवते. तशाच मॉडेलचा चालू बोर्ड घ्यायचा. त्याची ३२ पायांची लांबट चिप यंत्र बंद असताना सॉकेटमधून काढून परत सैलसर बसवायची आणि दोन्ही टोकांखालून शिवणाचा दोरा घालून ठेवायचा. मग यंत्र सुरू करून डॉसमध्ये यायचं. आता बायोसची प्रत रॅममध्ये उतरलेली असते आणि तिथूनच चालत असते. चिपकडे कुणी वळून पाहत नाही. यंत्र चालू असतानाच दोऱ्याने चिप सरळ वर उचलायची. दोरा अशासाठी, की चालू बोर्डावर धातूचा चिमटा घसरला तर दोन्ही बोर्ड हातचे जातात. मेलेली चिप खाचेकडची बाजू नीट पाहून सॉकेटमध्ये दाबायची. उलटी बसली तर तिथेच जळते. लिहिण्याची आज्ञा द्यायची. पडद्यावर ठोकळे एकेक करून भरत जातात. ते भरेपर्यंत टेबलाला धक्कासुद्धा लागू द्यायचा नाही.

आणि वीज जाऊ द्यायची नाही. महाराष्ट्रात भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं त्या वर्षांत फ्लॅशिंगची वेळ आम्ही त्या वेळापत्रकावरून ठरवत असू. यूपीएसची बॅटरी आधी दुसऱ्या भारावर चालवून पाहायची, मगच बायोसला हात घालायचा. अर्ध्यावर वीज गेली तर चिपमध्ये ना जुना बायोस उरतो ना नवा. शेवटच्या टोकाचा बूट ब्लॉक शाबूत राहिला असेल तर फ्लॉपीवरून त्याला वर काढता येतं. पडदा काळाच राहतो, फ्लॉपीचा दिवा लुकलुकतो आणि त्यावरूनच काम चाललंय हे समजून घ्यायचं.

आजच्या कामात फ्लॉपी नाही, दोरा नाही. चिप आठ पायांची झाली आणि बोर्डावर डाखलेली असते. २०१२ च्या थिंकपॅड एक्स२३० चं उदाहरण घेऊ. बॅटरी, चार्जर आणि घड्याळाचा सेल तिन्ही काढायचे. कीबोर्ड आणि तळहाताची पट्टी उचलली की काळ्या पापुद्र्याखाली दोन चिपा दिसतात, एक ८ एमबीची आणि एक ४ एमबीची. चिपच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा खळगा असतो. तो पहिला पाय. चिपवर बसवायच्या क्लिपची लाल तार त्याच बाजूला यायला हवी. क्लिपच्या दुसऱ्या टोकाला काहीशे रुपयांचा प्रोग्रामर, म्हणजे चिप वाचणारं-लिहिणारं छोटं उपकरण, असतो. या चिपला ३.३ व्होल्ट लागतात आणि बाजारातले काही स्वस्त प्रोग्रामर डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट देतात. म्हणून नवा प्रोग्रामर घेतला की पहिल्यांदा मल्टिमीटर लावायचा.

यानंतरची पायरी मला सगळ्या कामाचा गाभा वाटते. लिहायचं नाही, वाचायचं. चिप पूर्ण वाचून एक फाइल करायची. क्लिप काढून पुन्हा लावायची, पुन्हा वाचायचं आणि दोन्ही फाइलींचे चेकसम ताडून पाहायचे. एका अक्षराचा फरक निघाला तरी क्लिप नीट बसलेली नाही. सगळी फाइल एफएफ-एफएफने भरली असेल तर ती बहुधा बसलेलीच नाही. दोन्ही वाचनं जुळली की त्या फाइलीला मॉडेल, सीरियल नंबर आणि तारखेचं नाव देऊन ती दोन ठिकाणी ठेवायची. सोनार दागिना आटवण्याआधी गिऱ्हाइकादेखत तोलतो, तसं हे आहे. दागिना दुसऱ्याचा असतो आणि एकदा आटला की पहिल्यासारखा होत नाही.

मूळ प्रतीचं मोल पुष्कळ जणांना कळत नाही. 'बायोस उडालाय, मारून द्या' म्हणत गिऱ्हाईक येतं आणि घाईत कुठल्या तरी दुसऱ्या लॅपटॉपची फाइल चिपमध्ये उतरवली जाते. यंत्र सुरू होतं, पैसे मिळतात. पण अशा अनेक लॅपटॉपांत नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ताही त्याच चिपमध्ये असतो. एकाच फाइलीने सुरू केलेले दोन लॅपटॉप एका कार्यालयात आले की नेटवर्क कधी याचं, कधी त्याचं तुटतं आणि कारण कुणाला सापडत नाही. यंत्राची ओळख त्याचीच राहिली, तरच काम पुरं झालं असं मी समजतो.

कधी कधी कंपनीची नवी आवृत्ती पुरत नाही, बायोसच वेगळा लागतो. काही कंपन्यांच्या लॅपटॉपांत परवानगी असलेल्या वाय-फाय कार्डांची यादी बायोसमध्ये असते. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की यंत्र सुरू व्हायला नकार देतं. कार्ड चांगलं, स्लॉट चांगला, अडवणारी फक्त एक यादी. तिथे कोअरबूटसारखा मुक्त पर्याय कामी येतो. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी लिनक्सबायोस या नावाने तो सुरू केला. २००८ मध्ये त्याचं नाव कोअरबूट झालं. एक्स२३० च्या पिढीत मेमरी जागी करण्याची गुंतागुंतीची प्रक्रिया लोकांनी मूळ बायोसचं वर्तन अभ्यासून स्वतंत्रपणे लिहून काढली. आणि गंमत अशी की त्या लॅपटॉपात कोअरबूट चढवायला फक्त ४ एमबीची चिप लिहिली तरी भागतं, कारण प्रोसेसर पहिली आज्ञा जिथून उचलतो ते टोक तिच्यात आहे. इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन नावाचं बंदिस्त फर्मवेअर मात्र दुसऱ्या चिपमध्ये राहतं, तेव्हा सगळंच मुक्त झालं असं म्हणता येत नाही. २०१३ पासूनच्या अनेक इंटेल लॅपटॉपांत तर बूट गार्ड आहे. तो बायोसवरची उत्पादकाची सही तपासतो आणि सही नसेल तर यंत्र उठत नाही. अशी यंत्रं उद्या जुनी होतील तेव्हा त्यांचं वय मालकाच्या हाती नसेल.

एवढं सगळं येत असलं तरी बरीच यंत्रं मी बायोसला हात न लावता परत देतो. तारीख मागे जाते, सेटिंग पुसलं जातं, म्हणून लोक बायोस खराब झाला समजतात; अशा वेळी आधी सीआर२०३२ सेल मोजायचा. तो ३ व्होल्टच्या बराच खाली गेलेला असतो आणि काम तिथेच संपतं. 'नवीन आवृत्ती आली आहे' एवढ्यावर मी फ्लॅश करत नाही. डिस्क अडली आहे, प्रोसेसर ओळखायचा आहे, कार्ड अडवलं जातंय, किंवा २०१८ च्या जानेवारीत उघड झालेल्या स्पेक्टरसारख्या प्रोसेसरमधल्या दोषावरचा मायक्रोकोड हवा आहे, असं एखादं कारण मालकाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर यंत्र जसं चालतंय तसं चालू द्यावं.

या कामाचा कच्चा माल म्हणजे फाइली, आणि त्याच दुर्मीळ होत चालल्या आहेत. २०१९ मध्ये एका बड्या कंपनीने आपल्या जुन्या मदरबोर्डांच्या बायोस फाइली डाउनलोडच्या यादीतून काढून टाकल्या. बोर्ड चालू आहेत, चिपा चालू आहेत, पण त्यात भरायचं ज्ञान ते बनवणाऱ्या कंपनीनेच कपाटाबाहेर फेकलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण स्क्रू, बॅटरी आणि सुटे भाग मिळण्यापुरता हा हक्क थांबता कामा नये. विक्री थांबली तरी बायोसची शेवटची आवृत्ती उपलब्ध राहिली पाहिजे आणि आधार देणं थांबवताना सहीचं कुलूप उघडण्याची सोय उत्पादकाने दिली पाहिजे. तोवर आमच्यासारख्यांनी वाचलेली प्रत्येक फाइल नीट नाव देऊन जपायची आणि शिकायला येणाऱ्या मुलांना आधी वाचायला शिकवायचं. लिहायचं ते मागाहून.