पत आणि पहिले पान

व्यापारी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या एक शब्द मोठ्या आदराने उच्चारला जातो. तो शब्द म्हणजे पत. एका गावच्या पेढीने लिहिलेली हुंडी दुसऱ्या गावी सकारली जाई ती कागदाच्या किमतीमुळे नव्हे. लिहिणाऱ्याचे नाव तिच्यामागे उभे असे. नव्या माणसाशी व्यवहार जुळवायचा झाला, तर बाजारातील चार जाणत्या माणसांकडे चौकशी केली जाई, आणि ती माणसेही आपण कोणाविषयी काय सांगत आहोत याचे भान ठेवून उत्तर देत. कारण चुकीची शिफारस केली, तर शिफारस करणाऱ्याचीही पत उणावत असे.

आज ही चौकशी गिऱ्हाईक आपल्या हातातील मोबाइलवर करते. ‘जवळचे भांड्यांचे दुकान’, ‘अस्सल राजापुरी हळद’, ‘लग्नाच्या साड्या घाऊक भावात’ असे चार शब्द लिहायचे आणि पडद्यावर येणाऱ्या यादीतील पहिली काही नावे पाहायची, एवढ्यात त्याचे काम होते. दुसरे पान उघडण्याची तसदी फारच थोडे लोक घेतात. त्यामुळे ज्या पेढीचे नाव पहिल्या पानावर नाही, ती नव्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने जणू बाजारातच नसते. हे नाव वर कसे येते आणि ते वर आणण्याचा सचोटीचा मार्ग कोणता, हा प्रश्न त्यामुळे केवळ संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही. तो प्रत्येक दुकानाचा झाला आहे.

सर्च इंजिन, म्हणजेच शोधयंत्र, तीन टप्प्यांत काम करते. पहिल्या टप्प्यात त्याचे स्वयंचलित कार्यक्रम एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर जात पाने वाचतात. दुसऱ्या टप्प्यात वाचलेल्या पानांची नोंद एका प्रचंड सूचीत होते. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच ही सूची, फक्त अवाढव्य. तिसरा टप्पा क्रम लावण्याचा. कोणी काही विचारले की सूचीतील असंख्य पानांपैकी कोणते आधी दाखवावे, हे तेथे ठरते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरे महत्त्व या तिसऱ्या टप्प्याला आहे. पहिले दोन टप्पे नीट पार पडले नसतील, तर मात्र तिसऱ्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

क्रम लावण्याची जी रीत पुढे जगभर प्रसिद्ध झाली, ती अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी मांडली. 1998 मध्ये त्यांनी गूगल कंपनी स्थापन केली. त्यांच्या रीतीचे नाव पेजरँक. एका संकेतस्थळाने दुसऱ्याचा दुवा दिला, तर ती एक शिफारस मानावी. आणि शिफारस करणारा जितका मातब्बर, तितके त्या शिफारशीचे वजन अधिक धरावे, असे तिचे सूत्र. विद्वानांच्या जगात हा विचार आधीपासून होता. कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर किती निबंधांत झाला, यावरून त्याचे महत्त्व जोखण्यासाठी यूजीन गारफील्ड यांनी 1964 मध्ये विज्ञानातील संदर्भांची सूची प्रसिद्ध केली होती. आपल्या बाजारपेठांना मात्र हे तत्त्व शिकवावे लागत नाही. चार भल्या पेढ्यांनी ज्याचे नाव घेतले त्याला उधारी मिळते, हे व्यापाऱ्याला जन्मापासून ठाऊक असते.

जेथे शिफारशीला किंमत असते, तेथे खोट्या शिफारशींचा बाजारही भरतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हुंडीचा एक प्रकार शिकवला जातो. त्यात मालाचा कोणताही व्यवहार झालेला नसतो. दोन व्यापारी केवळ एकमेकांच्या सोयीसाठी परस्परांवर हुंड्या काढतात आणि बँकेकडून पैसा उचलतात. कागद खरा, सह्या खऱ्या, पण त्यांच्यामागे माल नाही. दुव्यांचा व्यापार हा नेमका असाच आहे. शेकडो निरुपयोगी संकेतस्थळे उभारायची किंवा भाड्याने घ्यायची आणि त्यांवरून एखाद्या दुकानाचे दुवे द्यायचे. यंत्राला वाटावे की सारे जग या दुकानाची वाखाणणी करीत आहे.

अमेरिकेतील जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीची कथा या बाबतीत उद्बोधक आहे. 2010 च्या नाताळाच्या हंगामात कपडे, चादरी, गालिचे अशा कितीतरी वस्तूंच्या शोधात तिचे नाव अग्रभागी झळकत होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने चौकशी केली, तेव्हा तिचे दुवे दोन हजारांहून अधिक पानांवर पेरलेले आढळले. त्यांतील बऱ्याच पानांचा कपड्यांशी किंवा घरसामानाशी काडीचाही संबंध नव्हता. फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलने कारवाई केली. प्रवासी बॅगांच्या एका शोधात संध्याकाळी सात वाजता पहिल्या क्रमांकावर असलेली ही कंपनी दोन तासांनी एकाहत्तराव्या क्रमांकावर गेली. हे दुवे आपल्या अनुमतीने दिले गेले नव्हते, असे सांगून कंपनीने आपल्या सल्लागार संस्थेला काढून टाकले. पण हंगामी मजुराने केलेल्या मापातील चोरीचा डाग जसा दुकानाच्याच पाटीवर पडतो, तसेच येथे झाले.

त्याआधी, 2006 मध्ये, बीएमडब्ल्यू या मोटारकंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने आपल्या सूचीतून काही दिवस काढून टाकले होते. यंत्राला दाखवायचे पान वेगळे आणि गिऱ्हाइकाला दाखवायचे वेगळे, हा त्यामागचा दोष होता. वानगी एका मालाची आणि पोत्यात माल दुसरा, असेच याचे वर्णन करता येईल.

अशा युक्त्यांना आळा घालण्यासाठी नियम वेळोवेळी कडक होत गेले. पानाच्या अदृश्य भागात कळीच्या शब्दांची रास रचण्याची जुनी क्लृप्ती क्रम लावताना विचारात घेतली जात नाही, हे गूगलने 2009 मध्येच जाहीर केले. 2011 मधील ‘पांडा’ या सुधारणेने उसन्या आणि पोकळ मजकुराची पाने मागे पडली, आणि 2012 मधील ‘पेंग्विन’ने विकतच्या दुव्यांवर घाव घातला. तरीही जुन्या क्लृप्त्या नव्या नावांनी विकणारे लोक आजही व्यापाऱ्यांच्या दारी येतात.

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या पेढीचे उदाहरण येथे प्रातिनिधिक ठरेल. तीन पिढ्यांचा व्यवसाय, बांधलेली गिऱ्हाइके, सारे काही ठीक चाललेले. पण जुनी गिऱ्हाइके वयाने थकू लागली आणि त्यांची मुले माल संगणकावर शोधू लागली, तेव्हा पेढीची उलाढाल दर वर्षी थोडीथोडी आटू लागली. मुलाने हौसेने संकेतस्थळ उभे केले होते. परंतु त्यावर पेढीचे नाव, देवघराजवळ काढलेले एक छायाचित्र आणि ‘गुणवत्ता हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य, एवढेच होते. अशा वेळी एक मध्यस्थ आला. महिन्याभरात पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी आणि वर पंचतारांकित अभिप्राय दोनशे, असा त्याचा एकरकमी सौदा होता.

‘‘अण्णा, सगळेच करतात. आपणच मागे राहायचे का?’’ मुलाने विचारले.

वडिलांनी थोडा वेळ विचार केला. ‘‘जे गिऱ्हाईक आलेच नाही, त्याच्या नावाने खातेवहीत जमा धरशील का तू?’’ एवढेच ते म्हणाले. मुलगा गप्प झाला. पण आटणारी उलाढाल त्या एका वाक्याने थांबणार नव्हती, हे दोघांनाही कळत होते. काही तरी करणे भाग होते.

कामाला हात घातला तो सुनेने. हळकुंड, पावडर आणि बियाणे यांची तिने स्वतंत्र पाने केली. गिऱ्हाइके दूरध्वनीवर जे प्रश्न वर्षानुवर्षे विचारत आली होती, ते तिने सासऱ्यांकडून लिहून घेतले: राजापुरी आणि सेलम यांत फरक काय, पॉलिश केलेले हळकुंड कसे ओळखावे, पावडर पावसाळ्यात कशी साठवावी. त्यांची उत्तरे अण्णांनी सांगितली आणि तिने सोप्या मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहिली. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ही माहितीही तिने नोंदवली. पेढीचा पत्ता तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेला होता. तो सर्वत्र एकसारखा केला. गूगलच्या नकाशावरील विनामूल्य नोंद पूर्ण केली, वेळा आणि सुट्या लिहिल्या. मोठमोठी छायाचित्रे हलकी केली, म्हणजे साध्या मोबाइलवरही पान चटकन उघडावे. मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाइलवरील शोधात झुकते माप देण्याचे धोरण गूगलने 2015 पासून स्वीकारले आहे. माल पोहोचला की गिऱ्हाइकाला खरा अभिप्राय लिहिण्याची विनंती करायची आणि तक्रार आली तर तिला उघड उत्तर द्यायचे, असा तिने परिपाठ ठेवला.

पहिले तीन महिने काहीच हलले नाही. सुधारणांचा परिणाम दिसण्यास चार महिन्यांपासून वर्षापर्यंत अवधी लागू शकतो, असे गूगलचेच सांगणे आहे. आठव्या महिन्यात काही शोधांत पेढी पहिल्या पानावर दिसू लागली. पहिल्या क्रमांकावर नव्हे, पाचव्या-सहाव्या क्रमांकावर. परगावचे अनोळखी दूरध्वनी येऊ लागले. उलाढाल दुप्पट झाली नाही. मात्र तिचे आटणे थांबले.

याचा अर्थ शोधयंत्र हे निर्मळ न्यायासन आहे, असे मात्र समजू नये. तीही एक व्यापारी संस्थाच आहे. खरेदीविषयक शोधांत स्वतःच्या सेवेला झुकते माप दिल्याबद्दल युरोपीय आयोगाने 2017 मध्ये गूगलला 242 कोटी युरोंचा दंड केला. भारताच्या स्पर्धा आयोगानेही 2018 मध्ये शोधातील पक्षपाताबद्दल सुमारे 136 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. यादीच्या माथ्यावर येणाऱ्या जाहिराती पैसे देऊन मिळतात. त्याखालचा स्वाभाविक क्रम विकत मिळत नाही, हा भेद प्रत्येक व्यापाऱ्याने ध्यानी ठेवावा. शिवाय 2024 पासून भारतातही अनेक प्रश्नांचे उत्तर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचून यादीच्या वरच दिले जाऊ लागले आहे. त्यामुळे संकेतस्थळ न उघडताच गिऱ्हाईक परत जाण्याचा संभव वाढला आहे. सारी भिस्त एकाच दारावर ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. जुन्या गिऱ्हाइकांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक यांची स्वतःची वही पेढीजवळ असलीच पाहिजे.

मध्यस्थ नेमणे यात काही गैर नाही. चांगले सल्लागारही आहेत. पण पैसे देण्यापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. पहिल्या क्रमांकाची हमी देता का? अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतः सांगते. तेव्हा उत्तर ‘हो’ आले, तर बोलणे तेथेच थांबवावे. दुवे कोठून आणणार? अभिप्राय कोण लिहिणार? भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक प्रसिद्ध केले आहे, याची त्याला माहिती आहे का? संकेतस्थळाचे नाव आणि त्याच्या किल्ल्या कोणाच्या नावावर राहणार? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘पेढीच्या’ हेच असले पाहिजे, आणि ते करारात लेखी असले पाहिजे. दुकानाची जागा भाड्याची असली तरी चालते. पाटीवरचे नाव मात्र दुसऱ्याच्या मालकीचे असून चालत नाही.