बंबातला चीन

गुडघेदुखीवर आता सुया टोचून बघू, असं सुनेनं ठरवलं आणि मला जबलपूरच्या नेपियर टाउनातल्या एका दवाखान्यात नेऊन बसवलं. सुयांचं काही वाटलं नाही. नंतर त्या डॉक्टर मुलीनं बोटाएवढी जाड एक कांडी पेटवली आणि तिचं तांबडं टोक गुडघ्याजवळ धरलं. ‘मोक्सा है आंटी, बस गरमाहट लगेगी.’ वाळवलेल्या पाल्याची वळलेली कांडी. आपल्या दवण्याच्याच कुळातली वनस्पती. धूर नाकात गेला आणि गुडघा राहिला बाजूलाच. हा वास मी सात वर्षांची असताना घेतला होता, इथल्याच गोरखपुरातल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात, बंबापाशी.

1962 चा नोव्हेंबर. आजोबा पाटावर बसून बंबाच्या तोंडात एकेक पान सारत होते. ‘चीन सचित्र’चे अंक होते ते. गुळगुळीत कागद चटकन पेटत नाही. आधी कडेनं काळा पडतो, आकसतो, मग एकदम भडकतो. दादा, म्हणजे माझे वडील, रिकामी बादली घेऊन मागे उभे होते. कुणी काही बोलत नव्हतं. त्या दिवशीची माझी आंघोळ चिनी धरणं, चिनी ट्रॅक्टर आणि चिनी शेतकरणींच्या हसऱ्या चेहऱ्यांवर तापलेल्या पाण्यानं झाली.

आजोबा भारत-चीन मैत्री संघाचे सभासद होते. वर्गणी भरायची, आलेली पत्रकं चार घरी पोचवायची आणि बोलावलं तिथे जाऊन डॉ. कोटणीसांवर व्याख्यान द्यायचं, एवढाच त्यांचा संघ. शाळामास्तराला आणखी काय करता येणार? चीन तर सोडाच, त्यांनी उभ्या आयुष्यात एक चिनी माणूस पाहिला नव्हता.

मग हे खूळ आलं कुठून? इथे इतिहास आडवा येतो, त्याला इलाज नाही. 1923 साली जबलपूरच्या टाउन हॉलवर तिरंगा चढवण्यावरून झेंडा सत्याग्रह पेटला. तो पुढे नागपूरला गेला आणि देशभर गाजला, पण ठिणगी इथली. त्याचे पुढारी पंडित सुंदरलाल. त्यांना तुरुंगात टाकलं. टाउन हॉलसमोरच्या गर्दीत आजोबा होते. तेव्हापासून सुंदरलाल म्हणतील ती पूर्व. 1929 साली पंडितजींचा ‘भारत में अंग्रेज़ी राज’ सरकारनं निघाल्या निघाल्या जप्त केला, तेव्हा आजोबा कॉलेजच्या वयाचे. आणि 1951 साली हेच सुंदरलाल भारताचं सदिच्छा मंडळ घेऊन चीनला गेले, मैत्री संघाचे अध्यक्ष झाले. पंडितजी मैत्री करताहेत म्हटल्यावर आजोबांनी चीनबद्दल वेगळी चौकशी केली नाही. 1954 साली पंचशील झालं, चौ एन-लाय दिल्लीला येऊन गेले, भाई-भाईच्या घोषणा गल्लीतली पोरंही द्यायला लागली. आजोबांना घोषणा आवडत नसत. घोषणेला पावती लागत नाही, असं ते म्हणत.

कोटणीस मात्र त्यांचे स्वतःचे होते. सोलापूरचा मुलगा, मराठी माणूस. 1938 साली काँग्रेसनं जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला पाच डॉक्टर पाठवले: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. त्यांतले चोळकर नागपूरचे, म्हणजे आमच्याच मध्य प्रांतातले. हे आजोबा प्रत्येक व्याख्यानात आवर्जून सांगत. मार्च 1939 मध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला काँग्रेस भरली. 52 हत्तींची मिरवणूक निघाली, पण अध्यक्ष सुभाषबाबू तापानं फणफणलेले, म्हणून त्यांची तसबीरच मिरवली. आमच्या गावाला अजून ते हत्तीच आठवतात. आजोबा म्हणायचे, ‘हत्ती राहू द्या. त्याच दिवसांत आपले डॉक्टर नुकते येनानला पोचले होते, ते लक्षात ठेवा.’ कोटणीस परतलेच नाहीत. तिथेच लग्न केलं, मुलगा झाला, आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. शांतारामबापूंचा सिनेमा आला 1946 साली. तो बघून आल्यावर आजोबा रात्री जेवले नाहीत, असं आजी सांगायची. सांगताना तिच्या आवाजात कौतुक कमी आणि फुकट गेलेल्या पोळ्याच जास्त असत.

त्या पाचांपैकी डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले आणि सुया टोचायची ही विद्या शिकून आले. भारतात ॲक्युपंक्चर रुजवणाऱ्यांत पहिलं नाव त्यांचं. म्हणजे माझ्या गुडघ्याशी धरलेली कांडी त्याच वाटेनं आली होती. मी त्या मुलीला विचारलं, ‘बेटा, डॉक्टर बसू का नाम सुना है?’ ती गोड हसली आणि म्हणाली, ‘हिलिए मत.’

पुन्हा बंब. आता एक गोष्ट नीट आठवते. आजी मधूनमधून येऊन वरून कडुलिंबाचा ओला पाला टाकत होती. डासांसाठी धूर करतोय असं शेजाऱ्यांना वाटावं म्हणून. दादा खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. चीनशी युद्ध सुरू झालं तसं काम वाढलं, दादा घरी यायचे ते झोपायलाच. तिथे बनलेला दारूगोळा कुठे चाललाय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खिडकीखालच्या फडताळात शत्रूचे रंगीत अंक वर्षवार लावलेले होते. चौकशी आली असती तर? आली नाही. पण बंब पेटला. जाळा असं कुणी म्हटलं? दादांना विचारलं तर ते म्हणत, मी नाही. आजी म्हणे, मी कशाला सांगू? अशा वेळी घरात सांगणारा कुणीच नसतो. सगळ्यांना आपोआपच कळतं. कोटणीसांचा फोटो तेवढा आजोबांनी वाचवला आणि गजानन महाराजांशेजारी लावला. तिथे त्याला कोण विचारणार?

एका गृहस्थांवरचा माझा राग मात्र अजून गेलेला नाही. संघाच्या कामात ते आजोबांच्या बरोबरीनं असत. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी चहाबरोबर खोव्याची जलेबी किती खाल्ली असेल त्याला सुमार नाही. युद्धाचा ऑक्टोबर उजाडला आणि ते रस्ता बदलून जायला लागले. हेही मी समजू शकते; भीती कुणाला नसते? पण 1988 साली राजीव गांधी बीजिंगला जाऊन आले आणि हेच गृहस्थ शाल पांघरून व्यासपीठावर दोन प्राचीन संस्कृतींच्या सनातन स्नेहाबद्दल बोलायला लागले. मी पहिल्या रांगेत होते. आजोबांचं नाव निघेल म्हणून वाट पाहिली. नाही निघालं. त्यांनी एकही पान जाळलं नसावं, कारण वर्गणी आजोबा भरत आणि अंक ते फुकट वाचत.

मैत्री संघांची गंमत अशी की देशांचं बरं चाललेलं असतं तेव्हा त्यांची गरज नसते. सरकारं हार घालत असतात, पोरं घोषणा देत असतात. गरज पडते ती बिनसल्यावर, आणि नेमकं तेव्हा कुणी जागेवर सापडत नाही. 1962 नंतर तो संघ देशभर असाच विरला. मी आजोबांना भित्रे म्हणणार नाही. त्यांच्यापुढे एका बाजूला कधी न पाहिलेले लोक होते आणि दुसऱ्या बाजूला बादली घेऊन उभा असलेला मुलगा.

फेब्रुवारी 2017 मध्ये टीव्हीवर एक म्हातारा दिसला. वांग छी. चिनी सैन्यातला माणूस. युद्ध संपल्यावर, 1963 च्या जानेवारीत, वाट चुकून हद्दीच्या अलीकडे आला आणि पकडला गेला. तुरुंगातून सुटला 1969 साली. सरकारनं त्याला आणून ठेवलं ते बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीला. तिथे तो पिठाच्या गिरणीत राबला, लग्न केलं, पोरंबाळं झाली, गावानं त्याला राज बहादूर केलं. मायदेशी पाऊल ठेवायला त्याला पन्नासहून जास्त वर्षं लागली. दादा तेव्हा एकोणनव्वद वर्षांचे. विमानतळावर तो माणूस भावांच्या गळ्यात पडून रडत होता. दादा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘तिरोडी म्हणजे किती लांब? सकाळी निघालं तर संध्याकाळी पोचतो.’

तेव्हापासून मी उगाच हिशेब करत बसते. आजोबा गेले 1974 साली. म्हणजे पाच वर्षं असा एक माणूस, ज्याच्या देशासाठी त्यांनी वर्गणी भरली, व्याख्यानं दिली, आमच्याच सातपुड्यात दळण दळत होता. छोट्या गाडीनं बालाघाट, पुढे बस. भाषेचीही अडचण नव्हती, हिंदी दोघांनाही यायची. बोलले काय असते? कोटणीसांचं नाव आजोबांनी पहिल्या पाच मिनिटांत काढलं असतं, एवढं नक्की.

पण कळलं असतं तरी ते गेले असते का? मला नाही वाटत. दादा फॅक्टरीतून निवृत्त झाले ते 1986 साली.