शकुंतलेच्या वाटेवर

अचलपूरला गेलात, तर सकाळच्या कोवळ्या उन्हात मुलांना ‘शकुंतला’च्या स्थानकाकडे पायी न्यावे. ही नॅरोगेज, रुळांतील अंतर अवघे 762 मिलिमीटर. मूर्तिजापूरपर्यंतच्या 76 किलोमीटरांवर मँचेस्टरला 1921 साली घडलेले वाफेचे इंजिन धावे. 1994 मध्ये त्याच्या जागी छोटे डिझेल इंजिन आले. पुढे तेही थांबले. गाव मात्र अजून वाट पाहते.

घरी परतल्यावर तेच डिझेल इंजिन पुठ्ठ्याचे करा. 1:87 या प्रमाणात रूळ जेमतेम 9 मिलिमीटरवर येतात. एवढ्या बारीक कामात मोबाइल आपोआप बाजूला पडतो. आजोबांना सोबत बसवाच. डबे कसे डुलत, हे नातवंडांना दुसरे कोण सांगणार?